मागून येणारा आवाज

मी बोलतोय असं म्हणण्यापेक्षा मी वाजतोय असं म्हणणं जास्त खरं. मी एक शौर्यपदक आहे. बिस्किटाएवढा, गोल, चांदीचा, वर रेशमी फीत. माणसं मला बघायला येतात, पण बघण्यासारखं माझ्यात फारसं नाही. जे आहे ते ऐकण्यासारखं आहे. ते ऐकून काहीजणांच्या अंगावर काटा येतो. माझ्याही आला असता, माझं अंग इतकं गुळगुळीत नसतं तर.

माझा जन्म टाकसाळीत झाला. साच्याखाली दाबून काढलेली माझ्यासारखी पुष्कळ पदकं एका ट्रेमध्ये पडली होती. आम्हाला एकमेकांतून ओळखणं आमच्या आईलाही जमलं नसतं. मग एका कारागिरानं मला उचललं आणि माझ्या कडेवर बारीक अक्षरांत एका कॅप्टनचं नाव कोरलं. नावावर फुंकर मारून तो शेजारच्याला म्हणाला, "हा स्वतः येणार आहे घ्यायला."

"कशावरून?"

"नावाआधी 'कै.' नाही. नाहीतर आपल्याकडची निम्मी घरचेच घेऊन जातात."

मला आनंद झाला. जिवंत माणसाच्या छातीवर जायला कुणाला आवडणार नाही? पण त्या छातीवर मी एकटा जाणार नव्हतो, हे मला पुढे कळलं.

ज्या दिवशी मला त्या कॅप्टनसाहेबांच्या छातीवर लावलं, त्या दिवशी ते काठी टेकत पुढे आले होते. डाव्या पायाला गोळी लागली होती आणि पाय पुढे कधी पुरता सरळ झाला नाही. टाळ्या वाजत होत्या. साहेबांनी मात्र मान जराशी मागे वळवली, कुणीतरी पाठीमागून हळू आवाजात हाक मारल्यासारखी. मागे भिंत होती.

परत जाताना गाडीत त्यांनी मला काढलं, कानाजवळ नेलं आणि हलवलं. एकटं पदक कसं वाजणार? मी गप्प राहिलो. त्यांनी मला पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. मला अपमान वाटला. मला वाटलं, या माणसाला आपली किंमत कळली नाही.

पुढच्या वर्षांत मला भावंडं मिळाली. जखमी झाल्याबद्दलचं एक, बर्फात राहिल्याबद्दलचं एक, लांब नोकरीचं एक. शेवटचं एक असं होतं की त्या साली जो जो नोकरीत हजर होता त्या सगळ्यांना ते मिळालं होतं. आम्ही त्याला 'हजेरी' म्हणायचो. ते बिचारं कायम टोकाला असायचं आणि कायम रुसलेलं असायचं.

आम्हाला एका पट्टीवर बसवायचं ठरलं तेव्हा साहेब आम्हाला घेऊन पलटणीच्या शिंप्याकडे गेले. त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी मोजमाप न घेताच जाड पुठ्ठा काढला.

"साहेब, पुठ्ठ्यावर घट्ट शिवून देतो. हलणार नाहीत, घासणार नाहीत, चालताना आवाज नाही."

"आवाज झाला पाहिजे, मास्तर."

"सगळे साहेब लोक शिवूनच घेतात."

"मला सुटी टांगून हवीत."

मास्तरांनी तोंडातली टाचणी काढली. "मग चालताना बैलाच्या गळ्यातल्या घंटेसारखा आवाज येईल."

"अगदी तसाच हवा."

"बायकोला लांबूनच कळेल तुम्ही आलात ते."

"कळू दे. तिचीही सोय होईल."

मास्तर हसले आणि त्यांनी आम्हाला सुटं टांगलं. साहेबांनी ती पट्टी छातीवर लावली, दुकानाच्या मधोमध उभे राहिले आणि एक उडी मारली. अधू पाय वर, चांगल्या पायावर जोर. आधी धप्प असा आवाज झाला आणि लगेच आम्ही पाचही जण एकमेकांवर आपटून वाजलो. साहेबांनी डोळे मिटले. मास्तर बघतच राहिले. त्यांना वाटलं असेल, साहेबांना पदकांचा आनंद झाला. मी छातीला चिकटून होतो, मला आतलं ऐकू येत होतं. ते आनंदाचं नव्हतं.

तेव्हापासून तो नेमच झाला. आम्हाला लावलं की एक उडी. घरच्यांना त्याची सवय झाली. साहेबांची बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "झाली का उडी? मग निघूया." मुलगा लहान असताना तोही शेजारी उभा राहून उड्या मारायचा. मोठा झाल्यावर त्यानं ते सोडलं, पण का, असं कधी विचारलं नाही. जन्मापासून जे बघत आलो त्याबद्दल माणसं विचारत नाहीत. घरातल्या जिन्याची एक पायरी उंच का, हे तरी कोण विचारतं?

विचारलं ते सूनबाईनं. ती दातांची डॉक्टर. लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला सगळंच नवीन होतं. एक दिवस साहेब कुठल्याशा कार्यक्रमाहून परत आले आणि आम्हाला काढून टेबलावर ठेवत होते, तेव्हा ती सरळ म्हणाली, "बाबा, ही उडी कसली?"

"व्यायाम."

"एका उडीचा?"

साहेब हसले. मग खुर्ची ओढून बसले आणि तिला सांगितलं. मीही ते तेव्हाच पहिल्यांदा पूर्ण ऐकलं.

अंधारात गस्तीवर निघण्याआधी, साहेब म्हणाले, सगळ्यांनी जागच्या जागी उडी मारायची असते. ज्याच्या अंगावरचं काही वाजेल ते फडक्यानं बांधायचं किंवा मागे ठेवायचं. शत्रूला डोळ्यांनी दिसत नाही ते कानांनी दिसतं. त्यांच्या तुकडीत बिनतारी संच सांभाळणारा एक जवान होता. त्याच्या खिशांत कायम स्क्रू, चाव्या, तारेचे तुकडे, रिकामी काडतुसं. चालला की खुळखुळ वाजायचा. सगळे त्याला खुळखुळा म्हणायचे. त्याचं खरं नाव हजेरीच्या वेळीच निघायचं.

"तो नेहमी सगळ्यात मागे असायचा," साहेब म्हणाले. "नेहमीच्या वाटेवर मागे वळून बघायची गरजच नसायची. खुळखुळा वाजतोय म्हणजे सगळे आले."

"आणि गस्तीवर?"

"गस्तीवर त्याला मी कधी नेलंच नव्हतं. त्या दिवशी दुसरा आजारी पडला. मी स्वतः त्याचे खिसे रिकामे केले. चहाच्या मगमध्ये सगळं ओतलं, तो काठोकाठ भरला. म्हटलं, मार उडी. मारली. काही वाजलं नाही. म्हटलं, आता कुठे माणसात आलास. तर तो म्हणाला, साहेब, मला मीच ऐकू येत नाहीये."

साहेबांनी टेबलावरची पट्टी सरळ केली.

"येताना नाल्याच्या अलीकडे पोचल्यावर मी माणसं मोजली. एक कमी. कुठून कमी, कधीपासून, कुणालाच सांगता येईना. आवाज असता तर पहिल्या पावलाला कळलं असतं." साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मी परत गेलो, त्याला पाठीवर घेऊन आलो, त्याबद्दल हे. जखमी जवानाला वाचवलं म्हणून."

"वाचला?"

"मी उचलला तेव्हा श्वास होता. आणला तेव्हा नव्हता. मधे कधी गेला ते कळलं नाही. माझ्या पाठीवर होता गं, तरी कळलं नाही. आवाजच नव्हता."

त्या दिवशी मला समजलं, गाडीत मला कानाजवळ का नेलं होतं. मी चांदीचा आहे असं मला वाटायचं. पण मी एका न आलेल्या आवाजाच्या जागी आलो होतो.

साहेब निवृत्त झाले, बायको गेली, केस गेले. मग हळूहळू मधली वर्षं जायला लागली. त्यांना काल काय जेवलो ते आठवायचं नाही, पण नाल्याकाठचे दगड आठवायचे. आता आम्ही फक्त समारंभाला निघत नव्हतो. सकाळी उठले की ते घरातल्या स्वेटरवर आम्हाला लावायचे, उडी मारायचे, आम्ही वाजायचो, आणि मग त्यांचा दिवस सुरू व्हायचा. जेवायला बसल्यावर विचारायचे, "सगळे आले?" मुलगा म्हणायचा, "आपण तिघंच आहोत बाबा." सूनबाई म्हणायची, "सगळे आले." तिचं उत्तर त्यांना पटायचं.

सूनबाईचा दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत होता. ती कुणाचा तरी दात कोरत असताना कान मात्र मागे ठेवायची. खुळखुळ गॅलरीत, खुळखुळ स्वयंपाकघरात, खुळखुळ न्हाणीघराच्या दाराशी. आवाज थांबला की ती हातातलं यंत्र बंद करून क्षणभर थांबायची. एकदा एका बाईंनी तोंडात कापूस असतानाच विचारलं, "डॉक्टर, मांजराच्या गळ्यात घंटा बांधलीय का?"

"मांजर नाही, सासरे आहेत."

"तरी बांधलीत कशी? आमच्याकडे ऐकणारच नाहीत."

"यांनी स्वतःच बांधून घेतलीय."

मी पुष्कळ ऐकतो. त्या काळात मला आणखी एक गोष्ट ऐकू यायला लागली. साहेब गॅलरीत चालायचे, आम्ही वाजायचो. ते थांबायचे, आम्ही थांबायचो. आणि आम्ही थांबल्यावर मागे एक अगदी बारीक आवाज एवढासा उशिरा थांबायचा. जसं मागून येणाऱ्या माणसाला पुढचा थांबल्याचं जरा उशिरा कळतं. भावंडांना मी विचारलं. 'हजेरी' म्हणालं, "मलाही ऐकू येतं, पण मला कोण विचारतंय?"

मग पलटणीचा मेळावा आला. साहेबांचा सत्कार होणार होता. त्यांच्या तुकडीतले आता तेच एकटे उरले होते. मुलानं ठरवलं की वडिलांना काहीतरी द्यायचं. तो हिशेबनीस आहे, नीटनेटका माणूस. चष्म्याच्या काचा पुसूनच वर्तमानपत्र उघडतो. आमच्या मळलेल्या फिती आणि एकमेकांवर आपटून पडलेले ओरखडे त्याला अनेक वर्षं सलत होते. त्यानं आम्हाला गुपचूप शहरातल्या एका चांगल्या दुकानात नेलं. मास्तर तर कधीच गेले होते. या दुकानातल्या माणसानं आम्हाला पॉलिश केलं, नव्या फिती लावल्या, मागे जाड पुठ्ठा घातला आणि प्रत्येकाला खालून वरून घट्ट शिवून टाकलं.

आम्ही सुंदर दिसत होतो, हे सांगायला पाहिजे. पाचही जण एका रेषेत, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे. मुलगा घरी येईपर्यंत दोनदा डबा उघडून आमच्याकडे बघत होता. त्याला बायकोलासुद्धा आश्चर्याचा धक्का द्यायचा होता, म्हणून त्यानं तिलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझी गोष्ट वेगळी झाली असती.

मेळाव्याच्या सकाळी बाहेर दाट धुकं होतं. सूनबाई दवाखान्यात एका पेशंटची सुजलेली दाढ बघत होती. "दहा मिनिटांत आले," असं तिनं आतूनच सांगितलं. मुलानं वडिलांना कोट घातला, आम्हाला छातीवर लावलं आणि आरशासमोर उभं केलं.

"बघा बाबा. कसं दिसतंय?"

साहेबांनी उडी मारली.

धप्प. बस, तेवढंच.

त्यांनी पुन्हा उडी मारली. मी आतून जीव तोडून हलायचा प्रयत्न केला. दोरा हलू देईना. साहेबांचा चेहरा मी आरशात बघितला. इतकी वर्षं मी त्या चेहऱ्याखाली राहिलो होतो, पण असा तो कधी बघितला नव्हता. म्हातारपण त्यावरून पुसून गेलं होतं.

"एक कमी आहे," ते म्हणाले.

"नाही बाबा, पाचही आहेत. शिवून आणलीत मी, बघा ना. आता घासायची नाहीत."

"कधीपासून कमी आहे?"

"बाबा, तुम्ही बसा. मी गाडी पुढे आणतो, धुक्यात वेळ लागेल." त्यानं वडिलांच्या खांद्यावरचा नसलेला कचरा झटकला आणि तो खाली गेला.

साहेब बसले नाहीत. ते मागच्या दारानं जिना उतरले. दवाखान्यात यंत्र चालू होतं. सूनबाईचे कान मागे होते, पण मागे ऐकण्यासारखं काही नव्हतं. साहेब घरातून गेले आणि घराला कळलं नाही. तेव्हा मला थंडी वाजली. चांदीला थंडी लवकर वाजते, पण ही ती नव्हती. हे सगळं एकदा होऊन गेलेलं होतं.

धुक्यात दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. साहेब काठी न घेता चालत होते, वाकून, भिंतींच्या कडेकडेनं, अधू पाय अलगद टेकवत. इमारतींच्या मागे कालवा आहे. त्याच्या काठाला कठडा नाही, नुसती घसरडी माती आहे. ते तिथे पोचले आणि गुडघ्यावर बसले. एक हात मातीत रोवला. समोर पाण्यावर धुकं सरकत होतं.

"आवाज दे," ते हळूच म्हणाले. "मी आलोय. आवाज दे रे."

कुणी आवाज दिला नाही. आवाज द्यायचं काम माझं होतं. मी त्यांच्या छातीवर, त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर होतो, आणि माझं तोंड शिवलेलं होतं.

त्यांनी एक पाय पाण्याकडे खाली सोडला. मातीचं एक ढेकूळ सुटलं आणि पाण्यात पडलं.

आणि मागून आवाज आला.

खुळखुळ. खुळखुळ. धुक्यात कुणीतरी येत होतं. साहेबांचं अंग ताठ झालं. पाय तिथेच थांबला.

ती सूनबाई होती. नंतर ती नवऱ्याला सांगत होती ते मी ऐकलं. मुलगा वर आला, बाबा खोलीत नाहीत म्हणाला. तिनं विचारलं, पदकं? तो म्हणाला, अंगावरच आहेत, पण शिवून आणलीत, वाजायची नाहीत. ती पुढचं ऐकायला थांबली नाही. हातात होता तोच दवाखान्यातला स्टीलचा ट्रे, त्यातले चिमटे, आरसे, आकड्यांसकट घेतला आणि तो हलवत मागच्या दारानं निघाली. अंगावर पांढरा कोट, तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढलेला. तिनं हाका मारल्या नाहीत. हाकांना साहेबांनी उत्तर दिलं नसतं. गस्तीवर कुणी हाकांना उत्तर देत नाही.

"कोण?" साहेबांनी कुजबुजत विचारलं.

सूनबाई थांबली. ट्रे हलवत राहिली. मग तीही कुजबुजत म्हणाली, "सगळे आले, साहेब. निघायचं."

"तू मागे होतास?"

"मागेच होतो."

साहेबांनी पाय वर घेतला. ते उठले, आणि त्यांनी मागे वळून बघितलंही नाही. नेहमीच्या वाटेवर बघायची गरज नसायची, तसे सरळ घराकडे चालू लागले. "वाजत राहा," एवढंच म्हणाले.

ती त्यांच्या मागे वाजत राहिली. कालव्यापासून घरापर्यंत. गल्लीच्या तोंडाशी मुलगा धावत आला आणि बोलायला लागला, तेव्हा तिनं नुसती मान हलवली. तोही गप्प तिच्या शेजारून चालू लागला. जिन्यावर साहेबांनी वर जाऊन मोजलं, सूनबाई, मुलगा, आणि मग दारातल्या रिकाम्या जागेकडे बघून त्यांनी मान डोलावली.

मी हे सांगणार नव्हतो, पण सांगतो. सूनबाईनं जिन्याखाली ट्रे हलवायचा थांबवला होता. तिचा हात भरून आला होता. तरी जिन्यावर आवाज येत होता. स्टीलचा नव्हता. बारीक होता. स्क्रूंचा, चाव्यांचा.

घरात आल्यावर सूनबाईनं साहेबांना गरम पाणी दिलं आणि आम्हाला टेबलावर पालथं घातलं. शस्त्रक्रियेनंतर हिरडीतले टाके काढायची तिची एक बारीक, वाकड्या टोकाची कात्री आहे. तिनं ती घेतली. मुलगा समोर बसला होता.

"मी चांगलंच करायला गेलो होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे. ती पट्टी धर."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"तू विचारलं नाहीस. धर नीट, हलवू नकोस."

ती एकेक टाका उचलून कापत गेली, पेशंटला दुखू नये तितक्या हळू. शेवटचा टाका माझा होता. तो सुटल्यावर मुलानं पट्टी उचलली, क्षणभर तशीच धरली, आणि मग स्वतःच्या शर्टवर लावली. खुर्ची मागे सारली. लहानपणानंतर पहिल्यांदा त्यानं उडी मारली.

आम्ही वाजलो. साहेब खुर्चीत होते. त्यांनी डोळे मिटले. मेळाव्याला आम्ही गेलो नाही.

साहेब त्यानंतर दोन हिवाळे होते. गेले तेव्हा आम्ही त्यांच्या स्वेटरवरच होतो. शेवटी छाती वर झाली, खाली गेली, आणि आम्ही एकदा किणकिणलो. शेजारी बसलेल्या सूनबाईला तो क्षण नेमका कळला. साहेबांना खुळखुळ्याचा जो कळला नव्हता, तो तिला त्यांचा कळला.

आता मी पलटणीच्या संग्रहालयात असतो. इथल्या लोकांनी आम्हाला मखमलीवर शिवायचं ठरवलं होतं. मुलगा स्वतः येऊन उभा राहिला. "शिवू नका. टांगा."

"ओरखडे पडतील हो."

"पडू द्या."

म्हणून आम्ही काचेच्या कपाटात सुटे टांगलेले आहोत. आमच्याखाली साहेबांच्या सामानात सापडलेला, सूनबाईनं आणून दिलेला एक चहाचा मग आहे, जुन्या स्क्रूंनी आणि चाव्यांनी भरलेला. लोक आमच्यापुढे उभे राहून माझं नाव वाचतात. मगबद्दल कुणी विचारत नाही.

तुम्ही कधी आलात तर वाचू नका. कपाटासमोर उभे राहा आणि एक उडी मारा. लाकडी जमीन आहे, हलते. आम्ही वाजू. इथे कुणालातरी कळेल की सगळे आले.

नाही आलात तरी चालेल. संध्याकाळी पहारेकरी दार लावून जातो, त्यानंतर जमिनीवर धप्प अशी एक जड उडी पडते, एका पायाची. आम्ही वाजतो. मग जरा थांबून दुसरी उडी पडते, हलकी, तरुण माणसाची. तेव्हा आम्ही अजिबात हलत नाही. खालचा चहाचा मग वाजतो.